आधी जेवून घे

"आई, तू आधी जेवून घे, मंग बोलू," रागिणी म्हणाली, आणि पाण्याच्या ग्लासाकडे गेलेला जमुनाचा हात मधेच थांबला. वाक्य तसं साधं होतं. घराघरात रोज ऐकू येणारं. आई लेकीला म्हणते, लेक आईला म्हणते, आणि कुणाच्या अंगावर काटा येत नाही. जमुनाच्या अंगावर आला. तिनं विचारलं होतं ते एवढंच, की बाई, अमरावतीहून चिखलदऱ्याला सरळ सडक असताना तुम्ही नवराबायको उलटे अकोल्याला काय आलात, मला गाडीत काय घातलंत आणि टीव्हीवरच्या आचाऱ्याच्या या काचेच्या हाटेलात डोंगरावर काय आणून बसवलंत? काही कारण असेलच ना? तर त्यावर हे उत्तर. आणि उत्तर देताना रागिणीनं आईच्या तोंडाकडे पाहिलं नाही. तिनं आईच्या समोरच्या ताटाकडे पाहिलं. ताट रिकामंच होतं, त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं. तरी ती त्याच्याकडेच पाहत राहिली, आणि शेजारी बसलेला नितेश, जमुनाचा जावई, हातरुमालाची घडी उलगडून पुन्हा घालत बसला.

वऱ्हाडात मरणाची खबर उपाशी माणसाला सांगत नाहीत. एकदा ती कानावर पडली की चूल पेटत नाही, मयत उठेपर्यंत घास घशाखाली उतरत नाही, आणि पुढचा प्रवास, रडणं, येणारेजाणारे हे सगळं रिकाम्या पोटी निभवावं लागतं. म्हणून खबर आणणारा शहाणा माणूस दारात आल्यावर आधी विचारतो, जेवण झालं काय? झालं नसेल तर ओट्यावर बसून राहतो. तुरीला भाव काय म्हणतो, संत्र्याला यंदा बहार कसा धरला ते सांगतो, आणि माणसाचा हात धुऊन झाला की मग तोंड उघडतो. यात कपट नाही, मायाच आहे. पण ज्यानं ते जेवण जेवलेलं असतं त्याला ती माया पुढे जन्मभर पचत नाही. जमुनानं तर दोन्ही बाजू पाहिलेल्या होत्या. ती मुख्याध्यापिका असताना चौथीतल्या मंजुषा नावाच्या पोरीचा बाप गेल्याचा निरोप शाळेत आला होता, आणि जमुनानं तो पोरीची खिचडी संपेपर्यंत पोटात ठेवला होता. त्या दिवशी तिला एक गोष्ट कळली. ज्याला सांगायचं असतं तो जेवणाऱ्याच्या तोंडाकडे पाहू शकत नाही. तो ताटाकडे पाहतो. ताटात किती उरलं ते पाहतो.

डाळीत काही तरी काळं आहे हे तिला सकाळीच जाणवलं होतं. गाडीत बसल्या बसल्या रागिणीनं तिचा फोन मागून घेतला. "घाटात कुठं पडन बिडन. माह्या पर्समंदी राहू दे." आईचा फोन पडेल म्हणून या पोरीनं आजवर कधी जीव खालीवर केलेला नव्हता. पायल, दहा वर्षांची नात, सोबत नव्हती. तिला तिच्या दुसऱ्या आजीजवळ ठेवलं म्हणे. पोरीला सोडून हाटेलात जाणारी ही माणसं नव्हेत. रागिणीचे डोळे सुजलेले. विचारलं तर "झोप नाही झाली." गाडी चालवताना ज्याच्या तोंडाचा पट्टा कधी थांबत नाही तो नितेश मुका. आणि अकोट! अकोटला हिवरखेडचा फाटा लागतो. हिवरखेड म्हणजे जमुनाचं माहेर, तिथे तिचा थोरला भाऊ पुंजाजी आणि वहिनी सुंदराबाई. दर वेळी फाटा आला की रागिणी म्हणणार, "मामाकडं चक्कर टाकू ना व आई," आणि दर वेळी जमुना म्हणणार, "पुढच्या खेपेले." आज फाटा आला आणि रागिणी काहीच म्हणाली नाही. ती दुसऱ्या खिडकीतून बाहेर पाहत राहिली. जमुनाला तेव्हा बरंच वाटलं होतं, चला, आज टाळाटाळ करायला नको. आता तिचं मन त्याच फाट्यावर जाऊन उभं राहिलं.

हाटेलचं नाव चुलांगण. जमिनीत चर खणून, त्यात लाकडं पेटवून, वर ओळीनं गुंड, म्हणजे मोठाली भांडी, ठेवून पंक्तीचा स्वयंपाक करतात ते चुलांगण. लग्नात असतं आणि तेरवीलाही असतं. इथं ते दारावर निळ्या दिव्यांनी लिहिलं होतं, आणि दाराशी शेफ कुलदीपचा माणसाएवढा पुठ्ठ्याचा पुतळा हात जोडून उभा होता. पुतळ्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढायला नागपूर-अमरावतीकडून आलेल्या पोरापोरींची रांग लागलेली. हा कुलदीप मूळचा मोर्शीचा. मुंबईला गेला, टीव्हीवर दुसऱ्यांच्या स्वयंपाकाला नावं ठेवता ठेवता मोठा झाला, गोव्याला आणि उदयपूरला हाटेलं काढली, आणि आता लोक दऱ्या पाहायला जिथे येतात त्या आपल्या चिखलदऱ्याला. जमुना संध्याकाळी दिवा लावून झाला की त्याचाच कार्यक्रम लावून बसायची. एकट्या बाईच्या घरात कुणी तरी वऱ्हाडी सुरात "माय, जरा मीठ कमी झालं" असं म्हणतं याचं तिला सुख होतं. एरवी या हाटेलात पाय ठेवताना ती नव्या नवरीसारखी लाजली असती. आज तिला वाटलं, आपल्याला काय आवडतं ते नीट पाहून, नेम धरून इथे आणलंय. फाशी देण्याआधी विचारतात ना, तसं.

काळा अॅप्रन घातलेला वाढपी आला. प्रत्येकासमोर परातीएवढं ताट ठेवून गेला, आणि ताटाच्या मधोमध एका काळ्या दगडावर बसलेला रोडगा. रोडगा म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेला, मुठीत न मावणारा कणकेचा गोळा. तो फोडायचा, तुपात बुडवायचा आणि वांग्याच्या भाजीशी खायचा. एक खाल्ला की माणूस झाडाखाली आडवा होतो. हा रोडगा रुपयाच्या नाण्याएवढा होता आणि त्यावर वांग्याच्या भाजीचा एक थेंब होता. "मॅम, हा एका घासात घ्यायचा," वाढपी म्हणाला. जमुनानं त्याचे दोन तुकडे केले. मग चार केले. रागिणी आईच्या ताटाकडे पाहत होती. "कसा हाये?" तिनं विचारलं. "पाहू दे ना आधी," जमुना म्हणाली, आणि पहिला तुकडा जिभेवर ठेवून चघळत बसली. तिला कळून चुकलं होतं, की इथलं जेवण असंच चिमणीच्या घासांनी येत राहणार, आणि ते संपलं की ही पोरगी तोंड उघडणार. तेव्हा ते संपता कामा नये. शाळेत पोरं डबा संपवत नव्हती तेव्हा ती रागवायची. आता तिला त्या पोरांची अक्कल पटली.

"अजून किती वाढायचं हाये?" तिनं वाढप्याला विचारलं. "बरेच कोर्स आहेत मॅम," तो म्हणाला, आणि तिला एवढा धीर आला की तिनं त्याला "देव तुमचं भलं करो" असा आशीर्वादच देऊन टाकला. पण लगेच रागिणी म्हणाली, "भाऊ, जरा लवकर लवकर आणा ना." लवकर! कशाला लवकर? कुणाला कुठे पोचायचंय? मयत कुणासाठी थांबवलीय? कढीगोळे आले ते काचेच्या प्यालीत, वरून धूर निघत असलेले. जमुनानं धुराकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. नितेशचा फोन थरथरला, त्यानं पडद्यावरचं नाव पाहिलं, रागिणीकडे पाहिलं, आणि तो उठून बाहेर गेला. काचेपलीकडे दरीवरचं धुकं वर येत होतं. त्यात तो येरझारा घालत, कानाला फोन लावून, मोकळा हात हवेत हलवत बोलत होता. माणूस आनंदाची गोष्ट बोलताना असा हात हलवत नाही. "कोनाचा होता व?" "ऑफिसचा," रागिणी म्हणाली. आज रविवार होता. कढीतला गोळा जमुनानं चमच्यानं इकडून तिकडे ढकलला, आणि तो ढकलता ढकलता ती अकोटच्या बसस्टँडसमोरच्या त्या जुन्या हाटेलात जाऊन बसली. आता तिथे मोबाइलचं दुकान झालंय. पण तिच्या लेखी ते हाटेल तिथेच होतं. त्याची लाकडी बाकं होती, कढईचा चर्रर्र आवाज होता, भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीला वाहिलेला शिळा हार होता.

रागिणी तेव्हा कॉलेजात होती, धाकटा अनुप शाळेत. भगवंतराव, जमुनाचे यजमान, नागपूरच्या दवाखान्यात पडून होते. डॉक्टर म्हणाले, बरे आहेत, दोन दिवस घरी जाऊन या, तुम्हीच आजारी पडाल. म्हणून ती पोरांना हिवरखेडला भावाकडे ठेवायला आली. रात्री झोपली. सकाळी पुंजादादा म्हणाला, "चाल, नागपूरले जाऊ," आणि शेजाऱ्याची जीप घेऊन निघाला. अकोटला त्यानं जीप थांबवली. "काही खाऊन घे." "भूक नाही दादा." "खाय माय. आधी खाऊन घे." तिनं विचारलं होतं, तिला पक्कं आठवतं, तिनं दादाच्या तोंडाकडे पाहून विचारलं होतं, "सारं बरं हाये ना?" आणि तो ताटाकडे पाहून म्हणाला होता, "सारं बरं हाये. खाय तू." मग पुरीभाजी आली. दवाखान्यातल्या पावबिस्किटांवर दिवस काढलेल्या तिच्या पोटाला त्या गरम पुऱ्यांचा वास लागला आणि भूक अशी खवळली की विचारू नका. तिनं खाल्लं. भाजीचा रस्सा भुरकला. अजून पुऱ्या मागितल्या. तिला चव लागली, खरंच चव लागली, आणि तिला हसूही आलं, कारण दादा समोर नुसता चहा घेऊन बसला होता आणि ती म्हणाली, "तू नाही खात तं तुह्या वाटच्या मीच खातो." नळावर हात धुताना त्यानं सांगितलं. तिच्या बोटांना तेव्हा तेल लागलेलं होतं. नवरा पहाटेच गेला होता. म्हणजे ती ज्या वेळी पुरी मोडत होती त्या वेळी ती विधवा होती आणि समोरच्याला ते माहीत होतं. त्यानं तिला जेवू घातलं हे ती समजू शकत होती. तिनं ते चवीनं खाल्लं आणि त्यानं खाऊ दिलं, हे तिला कधी सोसलं नाही. त्यानंतर भावासमोर तिनं घास तोंडात घातलेला नाही. राखीला जाते, भाऊबीजेला ओवाळते, वहिनी ताट घेऊन मागे लागते, आणि ही आपली उपासाचं, ॲसिडिटीचं, बस चुकेल याचं कारण सांगून उठते. दोघं कधी त्यावर बोलली नाहीत. तो फोन करतो, ही "हो, नाही, बरं" म्हणते. आपणहून ती त्याला कधीच फोन करत नाही.

"आई, थंडं होऊन राहिलं," रागिणी म्हणाली. प्यालीतला धूर केव्हाच विरला होता. जमुनानं गोळा गिळला. तिखट होता की आंबट ते तिला कळलं नाही. कोण असेल? मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. जमुनाचं मन आता वैऱ्याला मागे टाकून धावत सुटलं. अनुप? अनुप पुण्याला, दर शनिवारी मोटारसायकल काढून घाटांत हुंदडणारा, लग्नाचं नाव काढलं की "पाहू" म्हणणारा. काल शनिवार होता. काल त्याचा फोन आला नव्हता. म्हणून तर फोन काढून घेतला नाही ना, की त्याच्या मित्रानं परस्पर फोन करून बातमी फोडू नये? नाही, अनुप नाही. अनुप असता तर रागिणीला इतकं सावरता आलं नसतं, भाऊ आहे तिचा. मग पायल? खरंच ती आजीकडे आहे काय? छे, वेडीच आहेस, पायलला काही झालं असतं तर हिनं हाटेलात पाय तरी ठेवला असता काय? मग उरलं कोण? ज्याच्यासाठी रागिणीचे डोळे सुजतील पण हातपाय गळणार नाहीत असं कोण? ज्याच्या गावचा फाटा आला की ती तोंड फिरवेल असं कोण? जमुनाला उत्तर माहीत होतं, आणि ते मिळालं तेव्हा तिला काय वाटलं? तिला हायसं वाटलं. पुंजादादाच असू दे देवा, तिनं मनात म्हटलं, अगदी स्पष्ट, शब्दांत म्हटलं. त्याचं वय झालं आहे. त्याचं सगळं पाहून झालं आहे. तोच असू दे, पोरगा नको. आणि म्हणून झाल्यावर ती स्वतःच्याच शब्दांना भ्याली. आईबाप गेल्यावर ज्यानं शिकवलं, सायकलवरून डी.एड.च्या परीक्षेला नेलं, लग्नात कन्यादान केलं, त्याला तिनं दोन चमच्यांच्या मधल्या वेळात उचलून देऊन टाकलं होतं. तिला स्वतःची शिसारी आली. पण तिनं ते शब्द मागे घेतले नाहीत, कारण मागे घेतले तर पाळी पुन्हा अनुपवर येत होती.

एवढ्यात हाटेलभर कुजबुज झाली, माना वळल्या, मोबाइल वर झाले. स्वतः शेफ कुलदीप आला होता. प्रत्येक टेबलाशी थांबत, कुणाशी हिंदी, कुणाशी इंग्रजी बोलत तो यांच्या टेबलाशी आला आणि त्यानं खाली वाकून जमुनाला नमस्कार केला. टीव्हीवर दिसतो त्यापेक्षा ठेंगणा होता. "काय माय, लागून राहिलं काय बरं?"

जमुनानं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. हाही ताटाकडेच पाहत होता.

"मोर्शीचा ना रे तू?"

"पक्का मोर्शीचा, माय."

"मंग मले खोटं सांगू नको. तुले बी सांगून ठेवलं हाये काय यायनं?"

शेफनं नितेशकडे पाहिलं. नितेश कसनुसं हसला. "सांगतलं ना," शेफ म्हणाला, "जवाईबापूनं खास फोन केला होता. म्हने आमच्या आईले पोटभर खाऊ घाला."

"काहून?"

"आता काहून म्हंजे... माय हाये म्हून."

"नाही, तू खरं सांग. देवाच्यान सांग."

कुलदीपनं छातीवर हात ठेवला. "देवाच्यान सांगतो माय, तूप घरचंच हाये. एक थेंब डालडा नाही." आजूबाजूचे लोक हसले, दोघातिघांनी फोटो काढले, आणि तो पुढच्या टेबलाकडे सरकला. रागिणीनं कपाळाला हात लावला. "आई, काय इचारून राहिली व तू त्याले?" सगळे सामील आहेत, जमुनाला वाटलं, आचाऱ्यापासून वाढप्यापर्यंत सगळे. आणि या सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट फक्त मला माहीत नाही. अकोटच्या हाटेलातल्या पुरी तळणाऱ्यालाही तेव्हा माहीत असेल काय? त्यानं दुसऱ्यांदा वाढताना पुरी जास्त टाकली होती. इतक्या वर्षांत ही शंका तिला कधी आली नव्हती. आता आली, आणि आत जाऊन बसली.

वाफवलेल्या डाळीचे फुनके आले, मग कसल्याशा पानावर पातोडी आली, मग दोन घास वडाभात. जमुना खात राहिली. शेवटी छोट्या बशीत संत्र्याची बर्फी आली, बोटाच्या पेराएवढी, वर चांदीचा वर्ख. वाढपी म्हणाला, "मॅम, हे शेवटचं." हा शब्द त्याला आजच सापडायचा होता. नितेशनं आपली बर्फी तोंडात टाकली. रागिणीनं टाकली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, नितेशनं मान हलवली, म्हणजे सांग आता, आणि दोघांच्याही नजरा जमुनाच्या बशीवर येऊन थांबल्या. जमुनानं चमचा उचलला आणि खाली ठेवला. तिच्या मनात आलं, ही वडी अशीच राहू दे. आपण संध्याकाळपर्यंत बसू. हाटेल बंद होईल, हे उठवतील तेव्हा उठू, पण वडी खायची नाही. तोवर अनुप आहे, दादा आहे, सगळे आहेत. पण माणसाला फार वेळ असं बसता येत नाही. तिनं बशी ढकलली आणि ती एकदम मोठ्यानं म्हणाली, "झालं माहं जेवन. आता सांग. कोन गेलं?"

शेजारच्या टेबलावरचं बोलणं थांबलं. रागिणीला आधी प्रश्नच कळला नाही. "कुठं गेलं?"

"मेलं कोन ते सांग व. अनुप हाये काय?"

"आई!" रागिणीनं तिचा हात धरला. "कोनी नाही मेलं. काय बोलून राहिली? अनुप बरा हाये. आताच नितेशले त्याचा फोन आलता, आईले सांगतलं काय म्हून इचारून राहिला होता."

"काय सांगाचं होतं मले?"

मग ते बाहेर आलं. नितेशला मस्कतला नोकरी लागली होती. पुढच्या महिन्यात तिघं जाणार होती, पायलचा शाळेचा दाखला काढायला टाकलेला, भाडेकरू पाहून ठेवलेला. अनुपला कळलं होतं, पण त्याच्या पोटात काही राहत नाही, तो आईला फोनवर सांगून मोकळा होईल म्हणून फोन काढून घेतला. आई एकटी पडेल म्हणून रागिणी रात्रभर रडत होती. चांगल्या जागी नेऊ, तिच्या आवडीच्या शेफच्या हाटेलात जेवू घालू आणि मग सांगू, असं दोघांनी ठरवलं होतं. हिवरखेडचा फाटा आला तेव्हा रागिणीच्या मनात आलं होतं, की आता मामालाही सांगावं लागेल, आणि तिला पुन्हा रडू फुटलं म्हणून तिनं तोंड फिरवलं.

"मस्कतच ना?" जमुना म्हणाली, आणि हसू लागली. ती पदर तोंडाला लावून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि तिनं ती वडी उचलून तोंडात टाकली. "जा ना मंग! मस्कत काय दूर हाये?" रागिणीचा चेहरा पडला. एवढी रात्रभर रडली बिचारी, आणि आईला काहीच वाटलं नाही? "तुले काही वाटून नाही राहिलं काय व?" ती दुखावून म्हणाली. जमुनाला वाटणार होतं. पुढे कितीदा तरी वाटणार होतं, अकोल्याच्या डाबकी रोडवरच्या घरात संध्याकाळी दिवा लावताना तर फारच. पण आत्ता तिच्या मनात लेकीच्या विरहाला जागा नव्हती. तिथे भाऊ उभा होता. कुणी मेलं नव्हतं, म्हणजे दादा जिवंत होता. आणि आपण त्याला घटकाभरापूर्वी मारून बसलो होतो. तोंडातली वडी संपली आणि हसूही संपलं. "माहा फोन दे," ती म्हणाली.

फोन बराच वेळ वाजत राहिला. काय बोलायचं ते तिनं ठरवलं नव्हतं. क्षमा मागायची? कशाची? मग पलीकडून खाकरण्याचा आवाज आला, मागे टीव्ही चालू होता, कुणी जेवणाची भांडी मांडत होतं.

"कोन?"

"मी, दादा. जमुना."

"जमने? तू?" पुंजाजी म्हणाले. "बोल."

"काही नाही, सहजच केला." आणि मग सुचेना म्हणून, माया आली म्हणून, दुसरं काही विचारायची सवयच राहिली नव्हती म्हणून, तिनं विचारलं, "जेवला काय, दादा?"

पलीकडचा टीव्ही बंद झाला. भांड्यांचा आवाजही थांबला, बहुधा त्यांनी हातानं खूण केली असावी.

"कोन गेलं?" पुंजाजींनी विचारलं.

जमुना घाईनं म्हणाली, "कोनी नाही गेलं बाप्पा."

"अनुप?"

"अनुप बरा हाये. रागिणी इथं समोर बसली हाये, जवाई बसले हायेत."

"मंग तू फोन काहून केला? आन जेवला काय म्हून काहून इचारलं?" पलीकडे खुर्ची सरकली. "सांग जमने. मी बसलो हावो. सांगून टाक."

"दादा, खरंच. सारं बरं हाये."

जमुनाला वाटलं फोन कटला. तिनं तो कानापासून दूर करून पाहिला, पुन्हा लावला.

"मी बी असंच म्हनलं होतं तुले," ते म्हणाले. "अकोटले."

इतक्या वर्षांत हे नाव दोघांत निघालं नव्हतं. काचेबाहेर धुक्यानं दरी भरून गेली होती, पुतळ्याशी पोरं हसत होती, रागिणी आईच्या तोंडाकडे पाहत होती. जमुनानं फोन दोन्ही हातांनी धरला.

"तू हासून हासून पुऱ्या मांगून राहिली," पुंजाजी सावकाश म्हणाले, "मी काय करू? मले वाटलं, खाते हाये तं खाऊ द्याव. पुन्हा केव्हा हासन काय माहीत. तवापासून तू माह्याइथं पानी सोडून काही घेतलं नाही. मले काय समजत नाही काय?"

"दादा..."

"आता मी तुह्यावर काहून इस्वास ठेवू, सांग. तुही वहिनी ताट वाढून बसली हाये. मले घास जानार नाही. तू डोयासमोर ये, तवा मी मानीन."

"येतो," जमुना म्हणाली. तिनं नितेशकडे पाहून बोटानं खाली, घाटाकडे खूण केली, आणि तो मुकाट्यानं गाडीची किल्ली शोधू लागला. "आताच निंघतो. दिवस बुडता बुडता पोचतो."

"तू जेवली काय?" पुंजाजींनी विचारलं.

तिच्यासमोर रिकाम्या प्याल्या होत्या, पानं होती, काळा दगड होता, बशीत वर्खाचा कपटा चिकटलेला होता.

"नाही," ती म्हणाली. "ते ताट झाकून ठेवाले सांग, दादा. आली की दोघं सोबतच बसू."